बाईला भेटणे

"म्हणजे तू खुनी लोकांना सोडवतेस?" सांता क्लारातल्या जवळजवळ प्रत्येक हळदीकुंकवाला हा प्रश्न मला कुणीतरी विचारलेला आहे, तोही हातावर तिळगूळ ठेवता ठेवता. मी म्हणायचे, "सोडवत नाही हो, सुटतंय कोण?" मग समोरची बाई जरा हिरमुसायची. तिला काहीतरी चटकदार ऐकायचं असायचं आणि माझ्याकडे सांगायला असायचे ते टाइप केलेले कागद.

मी अपिलाची वकील होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले. आपल्याकडे ज्युरी केव्हाच बंद झाली, त्यामुळे थोडं समजावून सांगते. इथे खटला चालतो तो बारा साध्यासुध्या माणसांसमोर. कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर, कुणी आपल्यातलाच एखादा सॉफ्टवेअरवाला, जो सारखं घड्याळाकडे बघत असतो. ते साक्षी ऐकतात, खोलीत जाऊन बसतात आणि बाहेर येऊन "गिल्टी" म्हणतात. तिथे सगळ्यांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. मला साक्षीदार दिसत नाहीत, ज्युरी दिसत नाही. माझ्या दारात येतात ती खोकी. कोर्टात उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द त्यात टाइप केलेला असतो. त्याला म्हणतात रेकॉर्ड. त्यात नाही ते जगात घडलंच नाही असं धरून चालायचं.

त्या रेकॉर्डमध्ये मी चुका शोधायच्या. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा नीट सांगितला का? नको तो पुरावा आत शिरला का? बरं, चूक सापडली म्हणून हुरळून जायचं नाही. वकिलाने तेव्हाच्या तेव्हा उठून हरकत घेतलेली हवी. ती घेतली असली, तरी वरचे तीन न्यायाधीश शांतपणे म्हणू शकतात, चूक झाली खरी, पण तिच्यामुळे काही बिघडलं नाही. निरुपद्रवी चूक! माझी कितीतरी अपिलं ह्या दोन शब्दांनी मारली. आमच्या घरी नवरा आमटीत दुसऱ्यांदा मीठ घालायचा आणि मी तोंड उघडायच्या आत "निरुपद्रवी चूक" म्हणून मोकळा व्हायचा.

अशीलही एकेक नग भेटले. एक गृहस्थ तुरुंगातून पेन्सिलीने चित्रं काढून पाठवायचे. दर चित्रात एक ज्युरर डुलक्या घेताना. मी मनात म्हटलं, काय पण वेड आहे माणसाला. मग हजारभर पानांच्या मधोमध मला न्यायाधीशांचं वाक्य सापडलं, "ज्युरर नंबर सहा, तुम्ही आमच्यात आहात ना?" हसू आवरेना. पण वकिलाने हरकत घेतलेली नव्हती, त्यामुळे सहा नंबरची झोप फुकट गेली. दुसऱ्या एका खटल्यात ज्युरीने आतून चिठ्ठी पाठवून प्रश्न विचारला होता आणि न्यायाधीशांनी घाईघाईत चुकीचं उत्तर दिलं होतं. अर्ध्या पानाची गोष्ट! त्या अर्ध्या पानावर मी शिक्षा रद्द करून आणली. त्या माणसाची आई मला फोनवर पाच मिनिटं नुसती रडत होती. तो फोन आठवला की अजूनही माझी मान ताठ होते.

पण खरं सांगू? हे सगळं मी वेळ काढायला सांगते आहे. सांगायचं आहे ते दुसरंच आणि ते सांगायची मला लाज वाटते. नावं मी बदलली आहेत. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिहा, तुमच्या भाषेत लिहा, तुमच्या लोकांना कळू दे."

आधी वसंतकाकांबद्दल सांगायला हवं. मी नागपूरहून एलएलबी होऊन इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. चार वर्षं नोकरी करायला मनाई. पाचव्या वर्षी इथलं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पास झाले आणि तरी कुणी दारात उभं करेना. वसंतकाका ह्या भागातले जुने फौजदारी वकील. त्यांनी मंडळाच्या कोजागरीत मला विचारलं, "कायदा शिकलीस ना? मग मसाला दूध काय ढवळत बसलीस? सोमवारी ये." सोमवारी गेले तर खिडकीपाशी माझ्यासाठी टेबल मांडलेलं होतं. पुढची सहा वर्षं ते टेबल माझं. जे काही आलं ते काकांकडून आलं. साक्षीदाराला बोलू कसं द्यायचं, न्यायाधीश चिडले की गप्प कसं बसायचं, सगळं.

काकांची एक सवय होती. फाइलमधल्या कागदांच्या समासात ते लाल पेनाने मराठीत शेरे मारायचे. "तपासणे." "खोटं बोलतोय." "ह्याला आईबद्दल विचारणे." मला म्हणायचे, "विद्या, ह्या गावात ह्याच्याइतकं सुरक्षित कुलूप नाही. सरकारी वकिलाच्या हातात फाइल पडली तरी त्याला वाटेल मी नक्षी काढली." काम झालं की शेऱ्यापुढे बरोबरची खूण. ही सवय मलाही लागली. माझ्या फाइलींमधून "हे काय भलतंच!" असे शेरे सापडतील.

नंतर मी अपिलांकडे वळले. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची अपिलं कोर्ट आमच्यासारख्यांना नेमून देतं. पुष्कळ वर्षं झाली आणि एक दिवस नेमणूक आली लुईसची. ट्रायलचे वकील: वसंतकाका.

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. अपिलाच्या वकिलाचं पहिलं काम असतं ट्रायलच्या वकिलाने काय बिघडवलं ते बघणं. ज्याने मला टेबल दिलं त्याची उलटतपासणी मी घ्यायची नाही, एवढी साधी गोष्ट. पण नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं लागतं. मला वाटलं, काकांच्या कामात काय निघणार आहे? आणि कुणा परक्या पोराने त्यांच्या फाइलीत नाक खुपसण्यापेक्षा मी बघितलेली बरी. ही माझी पहिली चूक. निरुपद्रवी वगैरे काही नव्हती.

लुईस एका मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. वय पस्तिशीचं, दोन मुली. आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जणांनी त्याच्या हातचा राजमा-भात खाल्लेला असणार. एका रविवारी संध्याकाळी एका दारूच्या दुकानात कुणीतरी चाकू दाखवून गल्ला लुटला. डोक्यावर हूड. दुकानदाराने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून लुईसचा फोटो उचलला. विशीत असताना लुईस एका मारामारीत अडकला होता, म्हणून त्याचा फोटो पोलिसांकडे होता. पुरावा म्हणाल तर एवढाच. काकांनी दुकानदाराची उलटतपासणी झकास घेतली होती. वाचताना मी एकटीच "वा!" म्हणाले. पण दुकानदार डगमगला नाही. लुईस स्वतः साक्षीला उभा राहिला नाही. उभा राहिला असता तर जुनी मारामारी ज्युरीसमोर आली असती, म्हणून काकांनी त्याला बसवलं. ते बरोबरच होतं. ज्युरीने दीड दिवस घेतला आणि गिल्टी म्हटलं. जुन्या गुन्ह्यामुळे शिक्षा वाढून अकरा वर्षं झाली.

ह्या सगळ्यात लुईस त्या संध्याकाळी कुठे होता, ह्याबद्दल रेकॉर्डमध्ये एक अक्षर नाही.

मग काकांच्या ऑफिसातून फाइल आली. त्यात लुईसने खटल्याआधी कोठडीतून काकांना लिहिलेलं पत्र होतं. मोठं, गोल अक्षर. तो लिहीत होता की रविवारी त्या वेळी मी नाणी टाकून कपडे धुवायच्या लाँड्रीत होतो. माझा कंपनीचा बॅज पँटच्या खिशात राहिला आणि मशीन सुरू झालं. त्याचं दार उघडेना. मी आरडाओरडा केला. लाँड्री चालवणाऱ्या बाईने मला झापलं, मग स्वतःच हसायला लागली. बॅज धुऊन निघाला, फोटोतला माझा चेहरा गेला. ती म्हणाली, आता तू कुणीही असू शकतोस. तिला मी नक्की आठवेन. सोमवारी कंपनीने मला नवा बॅज दिला, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असेल. प्लीज, त्या बाईला भेटा.

आणि समासात, लाल पेनाने, काकांचं अक्षर: "बाईला भेटणे."

पुढे बरोबरची खूण नव्हती.

मी फाइल परत परत चाळली. दुसऱ्या प्रत्येक शेऱ्यापुढे खूण होती. बाईचा जबाब नाही, कंपनीचं पत्र नाही, काही नाही. काका विसरले होते. त्या महिन्यात त्यांचे दोन खटले एकाला एक लागून होते, ते स्वतः पंच्याहत्तरीला आले होते, आणि राहून गेलं. कुणाच्या हातून राहत नाही? पण राहिलं ते लुईसचं राहिलं.

आता इथे काय करायचं असतं ते सांगते, म्हणजे माझ्या वागण्याला काही सबब नाही हे कळेल. रेकॉर्डबाहेरची गोष्ट अपिलात घेता येत नाही, पण अपिलाबरोबर वेगळा अर्ज करता येतो. त्यात म्हणायचं की वकिलाने करायला हवं ते केलं नाही, म्हणून माणूस आत गेला. अर्जाला त्या वकिलाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं: होय, मला माहीत होतं, मी चौकशी केली नाही, त्यामागे काही डावपेच नव्हता, राहून गेलं. चांगले वकील असं लिहून देतात. मान खाली घालून देतात, पण देतात. मी स्वतः किती जणांकडून लिहून घेतलंय. परक्यांकडून.

त्याच आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन. "विद्याताई, काकांचा अमृतमहोत्सव गणपतीत करतोय. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र तुम्हीच लिहायचं हं, दुसरं कोण लिहिणार?"

"अहो, माझी ब्रीफची तारीख आलीय," मी म्हटलं. ब्रीफ म्हणजे अपिलाचा लेखी युक्तिवाद.

"एक पान तर लिहायचंय यार! काकांसाठी!"

मी हो म्हटलं. माझ्या टेबलावर डावीकडे लुईसचं अपील आणि उजवीकडे काकांचं मानपत्र. बाप्पा! आठ दिवस मी ह्या दोन्हींच्या मध्ये बसून होते.

शनिवारी मी काकांकडे गेले. पर्समध्ये त्या पत्राची प्रत होती. ठरवून गेले होते की दाखवायची आणि स्पष्ट बोलायचं. कुंदाकाकूंनी थालीपीठ लावलं होतं. काका समारंभाचा नवा सदरा घालून आरशासमोर उभे. मला म्हणाले, "बघ गं, ही कॉलर मला गळफास वाटते. नाही तरी माझ्या अशिलांनी मला फाशी द्यायला हवीच होती." आम्ही हसलो. खाणं झालं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी पर्सच्या चेनला हात घातला.

तेवढ्यात काकाच म्हणाले, "लुईसचं अपील तुझ्याकडे आलंय म्हणे."

"हो काका."

"बिचारा. सज्जन माणूस." त्यांनी बशी बाजूला सारली. "विद्या, माझ्या हातून काही राहिलं का गं त्याच्यात?"

सरळ विचारलं. त्यांनी दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आणि मी काय म्हणाले? "छे हो काका! काहीतरीच काय? तुमच्या हातून आणि राहील?"

"नक्की ना?"

"नक्की."

ते हसले आणि पाठ टेकून बसले. काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायले, सदऱ्याच्या कॉलरबद्दल बोलले आणि घरी आले. गाडीत बसले तेव्हा पत्राची प्रत पर्समध्येच होती, तरी मी परत आत गेले नाही. आपल्यात मोठ्या माणसाचं चुकलं हे त्याच्या तोंडावर बोलत नाहीत, हे रक्तातच भिनलेलं असतं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. आता वाटतं, रक्ताला कशाला बोल लावायचा? मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. गणपतीच्या स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसायचं होतं.

मानपत्रात मी एक वाक्य लिहिलं. "अशिलाचा एकही शब्द ज्यांनी कधी वाया जाऊ दिला नाही, असे आमचे वसंतकाका." वाक्य वाचलं गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. शी! लिहितानाही अंगावर काटा येतो.

ब्रीफ मी मन लावून लिहिलं, हेही सांगते. फोटोंमधून ओळख पटवण्यात पोलिसांनी केलेला गोंधळ, ज्युरीच्या एका प्रश्नाला मिळालेलं मोघम उत्तर, दोन्ही मुद्दे जीव ओतून मांडले. एवढं चांगलं ब्रीफ मी क्वचितच लिहिलं असेल. अपराधी माणूस फार मेहनती होतो. तिसरा मुद्दा लिहिला नाही. लाँड्रीत गेले नाही. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होती ती लाँड्री. गेले असते तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर लिहावं लागलं असतं. म्हणून गेले नाही. कंपनीला एक फोन केला असता तर बॅजचं कळलं असतं. केला नाही. काकांच्या हातून राहून गेलं. मी ठेवून दिलं. ह्या दोन्हींत किती फरक आहे हे मला सगळ्यांत जास्त कळतं, आयुष्यभर तोच धंदा केला ना!

आणि सगळ्यांत लाजिरवाणं म्हणजे, मला पकडणारं कुणी नव्हतं. समासातले ते दोन शब्द त्या अख्ख्या कोर्टात वाचू शकणारी मी एकटी. कारकुनाला नक्षी दिसली असती. काकांचं कुलूप मीच त्यांच्यावर आणि लुईसवर लावून टाकलं.

तीन न्यायाधीशांसमोर मी पंधरा मिनिटं बोलले. दोन महिन्यांनी निकाल आला: चुका झाल्या, पण निरुपद्रवी. शिक्षा कायम.

लुईसचं पत्र आलं. माझे आभार मानले होते. ब्रीफ मुलींना पाठवलं, म्हणाला, त्यांच्या बापासाठी कुणीतरी इतकं लिहिलं हे त्यांना दिसावं म्हणून. शेवटी विचारलं होतं, लाँड्रीवाल्या बाईचं काय झालं? मी उत्तर पाठवलं, "ती बाब रेकॉर्डमध्ये नसल्यामुळे अपिलात घेता येत नव्हती." कायद्याने ह्या वाक्यात एक अक्षर चुकीचं नाही. आणि इतकं खोटं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

काका पुढे चार वर्षांनी गेले. मी काम करत राहिले, अपिलं जिंकले, जास्त करून हरले. मागच्या वर्षी ऑफिस बंद करायचं ठरवलं तेव्हा जुन्या फाइली अशिलांना परत द्यायच्या होत्या. नियमच आहे तसा, फाइल अशिलाची असते. लुईसचं खोकं मी तीनदा बाजूला ठेवलं. चौथ्यांदा उघडलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. नवरा आत आला, म्हणाला, "काय झालं?" मी त्याला पत्र दाखवलं. त्याने समास वाचला. मग म्हणाला, "त्याला सांग. आधी त्याला सांग, मग मला."

पण मी आधी काकूंना फोन केला. तिथेही भीडच, दुसरं काय? त्या आता मुलीकडे जर्सी सिटीला असतात. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. काकू म्हणाल्या, "अगं, त्या शनिवारी ते तुला विचारायलाच थांबले होते. आठ दिवस झोप नव्हती ह्यांना. काहीतरी राहिलंय, आठवत नाही, म्हणत होते. विद्याला दिसेल, ती सांगेल, म्हणाले."

"काकू, मी सांगितलं असतं तर?"

"तर काय? चिडले असते चार दिवस. मग सही केली असती. तू काय ओळखत नव्हतीस त्यांना?"

ओळखत होते. म्हणजे मी वाचवलं ते काय? काकांची अब्रू त्यांची त्यांना सांभाळता येत होती.

मी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं आहे, स्वतःविरुद्ध. शनिवार, थालीपीठ, मानपत्र, सगळं त्यात आहे. समासातल्या दोन शब्दांचं भाषांतरही आहे, खाली माझी सही. लुईस पॅरोलवर बाहेर आला आहे, पण गुन्हा त्याच्या नावावर तसाच आहे. त्या शिक्क्यामुळे त्याला आता कुठल्या कँटीनमध्ये घेत नाहीत. एका नर्सरीत कुंड्या उतरवण्याचं काम करतो. तो शिक्का पुसण्यासाठी एक तरुण वकीलबाई नवीन अर्ज करते आहे. आपल्यातलीच आहे, इथे जन्मलेली. मला म्हणाली, "काकू, आय ॲम सॉरी, बट मला तुमच्याबद्दल हार्श लिहावं लागेल." मी म्हटलं, "लिही बाई, खुशाल लिही. भीड ठेवू नकोस." अर्जाचं काय होईल मला माहीत नाही. माझी सनद राहते की जाते तेही माहीत नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही.

पण ह्या सगळ्याच्या आधी मी लुईसला भेटले. नर्सरीजवळच्या डोनटच्या दुकानात बोलावलं होतं. तो आला. केस पिकलेले, हातांना माती. माझ्यासाठी त्याने उठून खुर्ची ओढली, तेव्हाच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पत्र टेबलावर ठेवलं. समासावर बोट ठेवून ते शब्द मराठीत वाचले आणि मग अर्थ सांगितला. काकांचं सांगितलं, माझं सांगितलं. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्याने ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. मी मनाची तयारी करून गेले होते की तो ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे तिला कुणी विचारलंच नाही?"

"नाही."

"माझ्या वकिलांनी नाही, तुम्ही नाही, कुणीच नाही?"

"कुणीच नाही, लुईस. आय ॲम सॉरी."

त्याने पत्र स्वतःकडे ओढलं. मग हळू आवाजात बोलायला लागला. इंग्रजीत बोलला, मला ते मराठीत असंच आठवतं. "मला वाटलं, तुम्ही विचारलंत. दोघांनीही विचारलं असेल, आणि ती म्हणाली असेल, मला नाही आठवत असा कुणी. तुम्ही चांगल्या आहात, म्हणून मला ते सांगितलं नाहीत, असं वाटलं. नऊ वर्षं आत मी तिच्यावर राग धरला. दुकानदारावर नाही, न्यायाधीशांवर नाही. तिच्यावर. इतकी हसली होती माझ्याबरोबर आणि विसरली कशी?"



"मागच्या उन्हाळ्यात ती मला जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसली," तो म्हणाला. "म्हातारी झाली आहे. तिने मला लगेच ओळखलं. लांबून हात केला. ओरडली, बॅजवरचा चेहरा सापडला का रे? आणि मी तिच्याकडे पाठ करून निघून गेलो."